शकुनबाईचे आठ दिवस

मी तापट माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मास्तर म्हातारा झाला म्हणून चिडचिड करतो, असं कोणाला वाटायला नको. तरुण होतो तेव्हाही असाच होतो. हायस्कुलात गणित शिकवायचो आणि पोरं माझ्या खडूच्या आवाजालाही दचकायची. अशा गोपीचंद मास्तरची, म्हणजे माझी, बोलती आयुष्यात एकाच बाईनं बंद केली. तिचं नाव शकुनबाई. तिला लिहितावाचता येत नव्हतं. दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एक नवरा, एक पोरगी, एवढाच तिचा संसार. तिच्यावर दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच बसलो लिहायला. गावाचं नाव देत नाही. माणसं अजून आहेत, आणि दोष माझा होता, गावाचा नव्हता. दिघोरीच्या वाटेवर एक मोठा मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला तलाव, लागतो. त्याच्या अलीकडं आमचं हायस्कूल आणि पलीकडं शकुनबाईची टोली, म्हणजे वस्ती, एवढं कळलं तरी पुरे.

आधी माझं पाप सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. शहात्तर सालच्या पावसाळ्यात नसबंदीच्या केसेस आणायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. प्रत्येकानं पाच माणसं आणायची, तोवर पगार बंद. वरून हुकूमच तसा होता. माझी चार झाली होती. पाचवा मला टिकाराम सापडला, शकुनबाईचा नवरा. फार गरीब स्वभावाचा माणूस, कोणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर कधी आलंच नाही. त्याला एक पोरगी आणि चार वर्षांचा एक पोरगा.

"गुरुजी, उद्या काही कमी-जास्त झालं त?" त्यानं मला विचारलं होतं.

"अरे, साधा टाका राह्यते तो. पुढं वाटलं त काढता येते," मी म्हणालो.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो टाका काढता येतो की नाही, हे मला माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. नसबंदीचा मांडव आमच्याच शाळेच्या मैदानात घातला होता. टिकाराम सकाळी आत गेला आणि दुपारी बक्षिसाचा तुपाचा एक डबा हातात घेऊन जपून पावलं टाकत घरी गेला. दिवाळीनंतर त्याचा पोरगा मुदतीच्या तापानं गेला. मला कळलं तेव्हा दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण टोलीवर मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला नवे हेडमास्तर आले. माणूस नागपूरकडचा, अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी हिशेब काढला की सातवी पास होऊन गावोगावची पोरं आठवीत येतात खरी, पण पोळ्यापर्यंत निम्मी गळतात, आणि पोरी तर बहुतेक सगळ्याच. कारण साधंच होतं. गावच्या शाळेत एक मास्तर, एक खोली, खाली बसायचं. इथं दर घंटेला नवा मास्तर, बाक, इंग्रजीची जाड पुस्तकं आणि कोणी नाव घेऊन हाक न मारणारी गर्दी. पोरं बावरतात. त्यात जुलैत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला की घरी हात लागतात, आणि एकदा घरी राहिलेली पोरगी पुन्हा शाळेचं तोंड पाहत नाही. म्हणून मे महिन्यात आठ दिवसांचं शिबिर. पोरांनी यावं, बाकांवर बसावं, घंटेची सवय करावी, इंग्रजी-गणिताची धास्ती मोडावी, दुपारी तिथंच जेवावं. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. फक्त मे महिना म्हणजे आमच्याकडं तेंदूपत्त्याचा, विडीची पानं तोडायचा महिना, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि टोलीवरची पोरं आणायचं काम त्यांनी नेमकं मला दिलं.

मी वही घेऊन टोलीवर गेलो. माझ्या हातात वही पाहिली आणि दारं लागायला लागली. ज्या घरात दोन पोरं आहेत हे मला पक्कं माहीत होतं, तिथं आई म्हणे, "पोट्टे मामाच्या गावाले गेले." त्याच घरात धान साठवायच्या ढोलीमागं मला चार पाय दिसत होते. गिरजाबाई नावाची एक म्हातारी मात्र सरळ अंगावर आली.

"मागच्या साली बापायले नेलं, आता लेकरायले न्याले आले का?"

तिचं खरंच तसं म्हणणं होतं. सगळ्या टोलीचंच होतं. तोच मास्तर, तीच वही, तेच मैदान, आणि पोरांच्या जेवणासाठी तिथं पुन्हा तोच मांडव. यंदा पोरांची पाळी आली, असं त्यांनी धरलं होतं. दुधानं तोंड पोळलेली माणसं, ताकही फुंकून पिणारच. मला आधी राग आला, लोक काय अडाणी आहेत म्हणून. मग तो राग गिळावा लागला, कारण दूध तापवणारा मीच होतो.

शेवटचं घर टिकारामचं. शकुनबाई अंगणात तेंदूची पानं पुड्यात बांधत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तुमची रुखमिणी सातवी पास झाली आहे, आठ दिवसांचं शिबिर आहे, दुपारचं जेवण शाळेत.

"कोण शिकोणार?" तिनं विचारलं.

"बाकीचे मास्तर हायेत. मीपण हावो."

"तुमीपण," ती म्हणाली, आणि पुढचा पुडा बांधायला घेतला. मी परत आलो.

शिबिर सुरू झालं तेव्हा बाकीच्या गावांची तेवीस पोरं आली होती. टोलीवरचं एकही नव्हतं. नऊ वाजता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, दोन बाया येताना दिसल्या. जवळ आल्यावर कळलं, एक शकुनबाई आणि दुसरी तिची रुखमिणी, अंगापेक्षा मोठं लुगडं नेसलेली तेरा वर्षांची पोर. शकुनबाईच्या डोक्यावर पानांचं गाठोडं होतं. ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पोरगी आत बसन. मी इथी वऱ्हांड्यात बसीन. तुमी काय करता, काय बोलता, सारं मले दिसलं पायजे."

हेडमास्तर म्हणाले, पालकांना बसायची पद्धत नाही. मी त्यांना बाजूला नेऊन एवढंच म्हटलं की सर, या बाईला उठवायचं असेल तर आधी मला उठवा. ते कुरकुरले. पण बसू दिलं.

तिला एवढी निकड का होती, ते मला दोन दिवसांनी तिच्याच तोंडून कळलं. टिकारामचा मोठा भाऊ सोमाजी, घरातला कर्ता. त्यानं ठरवलं होतं की टिकारामला आता पोरगा नाही आणि होणारही नाही, तर रुखमिणीला घरजावई आणावा. सिहोऱ्याकडचा वीस वर्षांचा एक मुलगा पाहून ठेवला होता. लगीन याच उन्हाळ्यात, म्हणजे जावई रोवण्याच्या कामाला येईल. सोमाजीचं म्हणणं अगदीच वेडं होतं, असं मी म्हणणार नाही. दोन एकर धान बिनपोराचं कोण राखणार? पाहुणे शिबिराच्या सहाव्या दिवशी पोरगी पाहायला येणार होते. टिकाराम हो म्हणेना आणि नाही म्हणेना.

"जावई आणून घर राखतील म्हणे," शकुनबाई मला म्हणाली. "माही पोरगी काय घर राखाले कमी हाय? फक्त तिले लिहिलेलं वाचता आलं पायजे. आमाले वाचता येत नव्हतं म्हणून तुमी सांगितलं ते आमी धरलं."

मी खडू उचलला आणि वर्गात निघून गेलो.

ती पहाटे उठून पानं तोडायची, ती डोक्यावर घेऊन पाळीवरून चालत यायची आणि वऱ्हांड्यात भिंतीला टेकून पुडे बांधत बसायची. हात पानांवर आणि डोळे माझ्यावर. सत्तर पानांचा पुडा व्हायचा, दोरी आवळली जायची, पण नजर हलायची नाही. सांगतो, इन्स्पेक्टर आला तरी मी एवढा घाबरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी टोलीवरच्या दोन बाया नुसत्या बघायला आल्या. पोरं बाकावर बसून फळ्यावरचं लिहून घेत आहेत आणि शकुनबाई जिवंत आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी टोलीवरच्या तीन पोरी आल्या आणि चौथ्या दिवशी आणखी पाच, त्यात गिरजाबाईची नातही. माझ्या वहीनं जे झालं नाही ते तिच्या नुसत्या बसण्यानं झालं.

पण रुखमिणी बोलेना. चार दिवस झाले, पोरीच्या तोंडातून शब्द नाही. फळ्यापाशी बोलावली की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. चौथ्या दिवशी माझा पारा चढला आणि मी खेकसलो, तुझ्या तोंडात काय मोहाची फुलं भरली आहेत का म्हणून. पोर रडायला लागली. वऱ्हांड्यातून आवाज आला.

"गुरुजी, पऱ्हं उपटून दुसऱ्या बांधीत लावलं की चार दिवस पिवळं पडतेच. वरून वरून हालवून पाहू नोका. धरन ते."

मी शेतकऱ्याचाच पोरगा, आसगावचा. नुकत्या लावलेल्या धानाच्या रोपाला कोणी हात लावत नाही, हे मला बाईकडून शिकावं लागलं. त्या दिवसापासून मी आवाज खाली आणला. पाचव्या दिवशी रुखमिणीनं फळ्यावर एक भागाकार सोडवला. चुकला. पण हात हलला.

सहाव्या दिवशी दुपारी सोमाजी आला. डोक्याला पांढरा दुपट्टा, काखेत छत्री, चेहरा तापलेला. तो फाटकात दिसला आणि शकुनबाईनं पदर थेट गळ्यापर्यंत ओढला, भिंतीकडं तोंड केलं. आमच्याकडं रीतच आहे. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यापुढं भावसुनेनं तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. निरोप पाहिजे तर तिसऱ्यानं न्यायचा. त्या वऱ्हांड्यात तिसरा मी होतो.

"मास्तर, पोट्टीले बाहेर काढा. पाहुणे घरी येऊन बसले हायेत," सोमाजी म्हणाला.

पदराआडून शकुनबाई मला म्हणाली, "गुरुजी, त्यायले सांगा, घंटा झाल्याबिगर पोरगी उठणार नाही."

दोघांत तीन हातांचं अंतर. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी तो माझ्याकडं पाहत थांबला. मी मुकाट्यानं सांगितलं, "घंटा झाल्याबिगर उठणार नाही म्हणतेत."

"तिले विचारा, पाहुण्यायले काय सांगू?"

"सांगा म्हणा, चहा पिऊन वापस जा."

मी तेही सांगितलं. वर्गातली पोरं खिडकीत गोळा झाली होती, ती फिसकन हसली. सोमाजीचा संताप अनावर झाला, पण भावसुनेवर काढता येईना, रीत आडवी. तो माझ्यावर उलटला.

"तुमच्या तोंडून आयकू का मी हे? माह्या भावाचं घर तुमी बुडवलं. मांडव याच मैदानात होता. टिकाराम तुपाच्या डब्यासाठी गेला न् वंश घालवून आला. आता तुमच्याच भरवशावर पोरगी सोडू का?"

खिडकीत तीस पोरं, दारात हेडमास्तर, भिंतीशी टोलीवरच्या बाया. सगळे माझ्याकडं पाहत होते. मला वाटलं, आता बाई पोरीला घेऊन निघून जाईल, आणि जावंही. माझी लायकी तेवढीच होती.

"गुरुजी," पदराआडून आवाज आला, अगदी सावकाश. "त्यायले सांगा. त्या दिवशी तुमी आमच्या मालकाले काय म्हणलं होतं, ते सांगा. पुरं सांगा."

ती माझी बाजू घेत नव्हती आणि मला शिव्याही देत नव्हती. एवढा वेळ तिचे निरोप पोचवले, तसाच हा एक पोचवायचा होता. फक्त शब्द माझे होते. वर्षभर ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"सोमाजी," मी म्हणालो, "टिकाराम तुपासाठी नव्हता गेला. त्यानं मले विचारलं होतं, पुढं काही झालं त काय. मी म्हणलं, टाका काढता येते. मले माहीत नव्हतं. मी खोटं बोललो. माह्या पाच केसेस पुऱ्या व्हायच्या होत्या."

हेडमास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. सोमाजी वऱ्हांड्याच्या पायरीवर बसला.

"त्यानं मले कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "सालभर मी त्याले डब्यावरून बोलून राहिलो. भर पंगतीत बोललो."

शकुनबाईनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "गुरुजी, आता हे सांगा. माही पोरगी पुढं शिकते का नाही? गोड नोका बोलू."

माझ्या मनात काय आलं, ते लपवत नाही. पोरगी फार हुशार आहे, डॉक्टर होईल, असं काहीतरी भलंमोठं बोलून त्या बाईचं देणं एका दमात फेडून टाकावं, असं वाटलं. पण तिच्यापुढं पुन्हा तोंडाला येईल ते बोलायची माझी छाती झाली नाही.

"गणित कच्चं हाय," मी सोमाजीकडं पाहून म्हणालो. "इंगरजी त्याहून कच्चं. पण समजलं नाही त ती खोटी मान हालवत नाही, हे चांगलं. रोज आली त मॅट्रिक होईन. रोवण्याले महिनाभर घरी ठेवली त होणार नाही."

पदर थोडा हलला. "कच्चं हाय म्हणतेत," ती टोलीवरच्या बायांना म्हणाली. "म्हणजे आज खरं बोलून राहिले." मग मला, "त्यायले सांगा, रोवण्याले दोघींचं मी एकटी रोवीन."

सोमाजी छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा मारत राहिला. शेवटी उठला. "तिले सांगा, आठवी नापास झाली त मंग मी कोणाचं आयकणार नाही." एवढं बोलून तो पाळीच्या वाटेला लागला. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

शिबिराचे उरलेले दोन दिवसही ती आली आणि तशीच बसली. आठव्या दिवशी हेडमास्तरांनी पोरांना एकेक वही दिली आणि चार शब्द बोला म्हणून शकुनबाईला पुढं बोलावलं. ती म्हणाली, मले पानं बांधाची हायेत.

त्या वर्षी रोवणा लागला तेव्हा मी मुद्दाम पहाटे पाळीवरून फिरायला जायचो. उजाडायच्या आधी शकुनबाई एकटी बांधीत उतरलेली असायची, गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकलेली. दिवसा ती दुसऱ्यांच्या मजुरीवर जायची. स्वतःचं रोवणं पहाटे आणि दिवस मावळताना. पाठ धरली तिची, श्रावणात आठ दिवस तिला सरळ उभं राहता येईना. पोळ्याच्या आधी तिच्या बांध्या रोवून झाल्या होत्या आणि रुखमिणीची एकही गैरहजेरी नव्हती. टिकाराम अधूनमधून शाळेच्या फाटकापर्यंत पोरीला सोडायला यायचा. आधी तो गावात मान खाली घालून फिरायचा, आता लोकांशी बोलायला लागला होता. मला मात्र तो कधी काही म्हणाला नाही.

मी शाळा भरायच्या आधी तासभर रुखमिणीचं गणित घ्यायचो. ती अजिबात हुशार नव्हती, खोटं कशाला सांगू. पण अडलेली जागा सोडून पुढं जायची नाही. एकेका उदाहरणाशी असं भांडायची की मलाच घाम फुटावा. आठवीत गणितात एक्केचाळीस पडले. निकालाच्या दिवशी सोमाजी स्वतः येऊन आकडा पाहून गेला, आणि पुन्हा पाहुणे आणायचं नाव त्यानं काढलं नाही. ऐंशी साली रुखमिणी मॅट्रिक झाली, टोलीवरची पहिली पोरगी. मग भंडाऱ्याला राहून तिनं डी.एड. केलं, मास्तरीण झाली. लग्न तिनं बाविसाव्या वर्षी केलं आणि बापाच्या दोन एकर धानाचे कागद आजही तीच सांभाळते.

शिबिर दर उन्हाळ्याला होत राहिलं. रुखमिणी शाळेतून बाहेर पडली तरी शकुनबाई पहिल्या दिवशी यायचीच, कारण टोलीवरच्या आया म्हणायच्या, शकुनबाई असन त पाठवू. पंच्याऐंशी साली माझी बदली झाली. त्या वर्षीचं शिबिर संपलं, पोरं पांगली आणि वऱ्हांड्यात आम्ही दोघंच उरलो. नऊ वर्षं एक प्रश्न माझ्या पोटात होता. विचारायचा म्हणून किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, ते मलाच ठाऊक.

"शकुनबाई," मी म्हणालो, "आता मी चाललो. रुखमिणीचं चांगलं झालं. माह्यावरचा राग गेला का तुमचा?"

ती गाठोडं बांधत होती, थांबली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत कडवटपणा नव्हता, पण मायाही नव्हती.

"कायले जाईन?" ती म्हणाली. "पोरगा गेला तवा घरात रडाले सारेच होते. मले तुमचा राग आला म्हणून मी उठली. त्या रागाच्या भरवशावर पोरीचा हात धरून इथपर्यंत चालत आली, आठ दिवस बसली, दोघींचं रोवलं. तुमी माफी मागून राहिले, मले समजते. पण तो राग नोका मागू, गुरुजी. तो माह्या कामाचा हाय."

मी तिला गाठोडं डोक्यावर चढवायला हात लावला. ती पाळीवरून टोलीकडं निघून गेली.